समतेचे गणित आणि संघनिष्ठा : ब्रिटिश स्पीडवेमधील संघबांधणीच्या वादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास लिहिताना विजेत्यांच्या याद्या, विक्रम आणि मैदानावरील प्रसंग यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. दोन हंगामांच्या मधला रिकामा काळ मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटतो. ब्रिटनमधील स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीच्या खेळात हा रिकामा काळच विशेष बोलका आहे. मार्च ते ऑक्टोबर असा हंगाम संपला की पुढील वर्षी संघात कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे आणि कोणाला नव्याने आणावे, याची चर्चा चाहत्यांमध्ये सुरू होते व ती नव्या हंगामापर्यंत चालते. अशी चर्चा प्रत्येक सांघिक खेळात होते, हे खरे. परंतु स्पीडवेमधील चर्चेला दशांश अपूर्णांकांची शिस्त आहे. तेथील चाहता आवडीनिवडी मांडून थांबत नाही. तो बेरीज करतो, आणि बेरीज जुळली नाही तर आपल्याच लाडक्या स्वाराला वगळण्याचा प्रस्ताव मांडतो.

प्रस्तुत लेखात या गणिताचा उगम, त्याची कार्यपद्धती आणि त्याने निर्माण केलेला नैतिक पेच यांचा विचार केला आहे. संघांमध्ये समतोल राखण्यासाठी केलेल्या नियमांनी स्पर्धा रंगतदार ठेवण्यास हातभार लावला, हे मान्य करावे लागते. त्याची किंमत मात्र मुख्यत्वे मधल्या फळीतील स्वारांनी मोजली, आणि संघनिष्ठेचा अर्थही त्यामुळे पालटला. या दोन बाबींकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

खेळाचे स्वरूप आणि उगम

स्पीडवे हा खेळ भारतीय वाचकांच्या फारसा परिचयाचा नसल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अंडाकृती, मातीच्या किंवा बारीक खडीच्या मार्गावर चार स्वार एका वेळी चार फेऱ्या पूर्ण करतात. ५०० सीसी क्षमतेच्या या मोटारसायकलींना ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि इंधन म्हणून मिथेनॉल वापरले जाते. वळणावर मागचे चाक घसरवतच गाडी वळवावी लागते. शर्यत साधारण एका मिनिटात संपते. पहिल्यास ३, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १ आणि शेवटच्यास शून्य गुण मिळतात. सांघिक सामन्यात प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार उतरतात. अलीकडच्या पद्धतीनुसार सामन्यात १५ शर्यती आणि संघात सात स्वार असतात.

या खेळाच्या जन्माची कथा सामान्यतः ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथून सांगितली जाते. तेथे १५ डिसेंबर १९२३ रोजी कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात शर्यती झाल्या. त्यांच्याशी जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या संयोजकाचे नाव जोडले गेले आहे. ब्रिटनमध्ये १९२७ मध्ये कॅम्बर्ली आणि ड्रॉयल्सडेन येथे काही प्रयोग झाले होते. तथापि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी एपिंग जंगलातील हाय बीच येथे, ‘किंग्ज ओक’ या मद्यगृहामागील मार्गावर झालेल्या शर्यतीपासूनच तेथील स्पीडवेचा आरंभ मानण्याची प्रथा पडली. त्या दिवशी सुमारे ३०,००० लोक जमल्याचा अंदाज वारंवार दिला जातो. आरंभ नेमका कोठला, हा वाद ब्रिटिश चाहते आजही हिरिरीने घालतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो गौण आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. आरंभीच्या कार्यक्रमांत नामांकित स्वार मोठे मानधन घेऊन या गावातून त्या गावात फिरत. प्रेक्षक व्यक्ती पाहण्यासाठी येत, आणि नवलाई ओसरली की येईनासे होत. १९२९ मध्ये दक्षिणेकडे व उत्तरेकडे स्वतंत्र लीग स्पर्धा सुरू झाल्या आणि स्वाराच्या छातीवर गावाचे चिन्ह आले. येथून पुढे प्रेक्षकाचे नाते संघाशी जडले. हा संघ त्या गावच्या मुलांचा असेच असे नाही. ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर, पुढे स्वीडिश, डॅनिश आणि पोलिश स्वारही त्यात असत. तरीही ‘आमचा संघ’ ही भावना उभी राहिली, आणि त्याबरोबर ‘आमच्या संघात कोण असावे’ हा प्रश्नही.

वाटणीची परंपरा

एखादा संघ सतत जिंकू लागला की इतर गावांतील प्रेक्षकांचा उत्साह मावळतो, ही चिंता या खेळाच्या चालकांना सुरुवातीपासून होती. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाने १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय लीग जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा उपलब्ध स्वारांची प्रतवारी करून त्यांची संघांमध्ये वाटणी करण्यात आली. युद्धपूर्व काळात बेल व्ह्यूचा आधारस्तंभ असलेला बिल किचन हा वेम्ब्लीकडे गेला व तेथे कर्णधार झाला. मँचेस्टरच्या प्रेक्षकांना या वाटणीबद्दल काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

गमतीची बाब अशी की या समान वाटणीनंतर लीग जिंकली ती वेम्ब्लीनेच. १९४६ व १९४७ मध्ये आणि पुन्हा १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे विजेतेपद त्या संघाकडे राहिले. सर आर्थर एल्विन यांचे पाठबळ, प्रचंड स्टेडियम आणि लंडनचा प्रेक्षक या गोष्टींची वाटणी कोणतेही मंडळ करू शकत नव्हते. आरंभीची समता ही एका दिवसापुरती असते आणि दुसऱ्या दिवसापासून साधनांची विषमता आपले काम सुरू करते, हा धडा चालकांनी पुढे गिरवलेला दिसतो. १९५७ च्या फेब्रुवारीत एल्विन यांचे निधन झाले आणि वेम्ब्लीने हंगामापूर्वीच माघार घेतली. वरच्या लीगमधील संघांची संख्या त्या दशकात घटतच गेली.

१९६० मध्ये प्रॉव्हिन्शियल लीगच्या रूपाने लहान शहरांमध्ये खेळाचे पुनरुज्जीवन झाले. १९६४ चा हंगाम या लीगने नियंत्रण मंडळाच्या मान्यतेविना पार पाडला. त्यातून निर्माण झालेल्या तंट्यानंतर १९६५ मध्ये दोन्ही बाजू एकत्र येऊन १८ संघांची ब्रिटिश लीग स्थापन झाली. एवढ्या संघांत बळाचा समतोल कसा साधावा, यासाठी स्वारांच्या वाटपाचे अधिकार असलेली समिती नेमण्यात आली. ‘रायडर कंट्रोल’ या नावाने ती ओळखली जाई. गावोगावच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हा शब्द हिवाळ्यातील धास्तीचा होता. लाडका स्वार पुढच्या वर्षी कोणत्या गावी दिसेल, हे बंद दाराआड ठरत असे.

समितीच्या निर्णयावर टीका करता येत होती, परंतु त्याचा हिशेब तपासता येत नव्हता. निर्णय विवेकाधीन होता. पुढे १९८० च्या दशकात जी गुणमर्यादेची पद्धत रुजली, तिचे वेगळेपण येथे आहे. तिने निर्णयाचे सूत्रच जाहीर केले, आणि ज्याच्याकडे कागद-पेन्सिल आहे अशा कोणालाही संघबांधणीच्या चर्चेत बसण्याचा अधिकार दिला.

गुणमर्यादा : कौशल्यावरील कमाल मर्यादा

या पद्धतीचा पाया म्हणजे प्रत्येक स्वाराची सामना-सरासरी. स्वाराने मिळवलेल्या गुणांत बोनस गुण मिळवून त्या बेरजेला त्याच्या शर्यतींच्या संख्येने भागतात आणि येणाऱ्या संख्येला चाराने गुणतात. आपल्याच सहकाऱ्याच्या पाठोपाठ, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून शर्यत संपवणाऱ्यास बोनस गुण मिळतो. सहकाऱ्याला मागे टाकण्याच्या नादात संघाचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू. प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी १२ होईल. ९ च्या वरची सरासरी असलेला स्वार संघाचा आघाडीचा मानला जातो, ३ च्या आसपासचा नवोदित किंवा राखीव.

गुणमर्यादेचा नियम असा की संघ बांधताना सर्व स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा अधिक होता कामा नये. ही संख्या प्रमोटर, म्हणजे क्लबचालक, आपल्या वार्षिक सभेत ठरवत आले आहेत. आयपीएलमधील खर्चाची कमाल मर्यादा मराठी वाचकांना ठाऊक आहे. तेथे मर्यादा पैशाला असते. श्रीमंत संघ हुशारीने खरेदी करून कौशल्याचा कितीही साठा करू शकतो. स्पीडवेमध्ये मर्यादा थेट कौशल्याला आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये अमेरिकन बेसबॉलच्या संदर्भात असे प्रतिपादन केले होते की, खेळाडूंना संघाशी बांधून ठेवणाऱ्या नियमांमुळे कौशल्याच्या विभागणीत फारसा फरक पडत नाही, कारण खेळाडू शेवटी जेथे त्यांचे मोल अधिक तेथेच पोचतात. ब्रिटिश स्पीडवेच्या चालकांनी जणू या युक्तिवादाची वाटच बंद केली. पैसे असले तरी बेरीज ओलांडता येत नाही.

पैशाचे बळ काय करू शकते, याचे उदाहरण त्या दशकातच समोर होते. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लबने वरच्या लीगमध्ये पुन्हा प्रवेश करताना हान्स नील्सन या डॅनिश स्वारासाठी ३०,००० पौंड मोजले; त्या काळातील तो उच्चांक होता. १९८५ आणि १९८६ या दोन्ही वर्षी ऑक्सफर्डने लीग जिंकली, आणि १९८६ मध्ये नील्सन विश्वविजेताही झाला. ऑक्सफर्डच्या चाहत्यांना हा सुवर्णकाळ वाटला. इतरांना तो इशारा वाटला असल्यास नवल नाही.

मर्यादेचे खरे कार्य कल्पित उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मर्यादा ४२ आहे असे समजू. एका संघाने ४१.९ च्या बेरजेने हंगाम सुरू केला. संघ चांगला खेळला, दोन तरुणांनी प्रगती केली, आणि हंगामाअखेर सात स्वारांच्या सरासरी ९.२, ७.८, ७.१, ६.०, ५.४, ३.९ व ३.० अशा झाल्या. बेरीज ४२.४ येते. हाच संघ पुढच्या वर्षी जसाच्या तसा उभा करता येणार नाही. कोणाला तरी सोडून त्याच्या जागी ०.४ ने कमी सरासरीचा स्वार आणावा लागेल. व्यवहारात ०.४ म्हणजे दहा शर्यतींत मिळून एक गुण. दहांपैकी एखाद्या शर्यतीत शेवटचा येण्याऐवजी तिसरा आला, एवढाच तो फरक.

नियमाची दिशा यातून लक्षात येते. यशस्वी संघाची बेरीज फुगते, म्हणून त्याला मोडावे लागते. अपयशी संघाची बेरीज घटते, म्हणून त्याला नवे बळ आणता येते. त्यात आणखी एक बारकावा आहे. सामन्यात १५ शर्यती व प्रत्येक शर्यतीत ६ गुण, म्हणजे एकूण ९० गुण. समबल संघाच्या वाट्याला ४५ गुण आणि ३० स्वारी. सर्वांना समान शर्यती मिळतात असे धरल्यास, बोनस गुण वगळून, अशा संघाची बेरीज ४२ भरते. बोनस धरला की ती वाढते. म्हणजे मर्यादा ४० च्या आसपास आणली, तर केवळ विजेत्यालाच नव्हे, जवळजवळ सर्वच संघांना कोणी ना कोणी सोडावा लागतो. प्रमोटरांना हे गणित कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्वारांना मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात मोबदला मिळत असल्याने कमी बेरजेचा संघ हा कमी खर्चाचा संघही असतो. समतेच्या भाषेआड काटकसरीचा हेतू कायम वावरत होता.

हिवाळ्यातील वाद

या नियमाने प्रेक्षकांतून एक विशिष्ट प्रकारचा जाणकार घडवला. त्याची पूर्वतयारी मैदानावरच झालेली होती. स्पीडवेचा प्रेक्षक सामना पाहताना हातात छापील कार्यक्रमपत्रिका व पेन घेऊन उभा असतो. लाल, निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या शिरस्त्राणांच्या स्वारांचे क्रमांक, गुण व वेळ तो प्रत्येक शर्यतीनंतर चौकटीत भरतो. दहा वर्षांचा मुलगाही वडिलांशेजारी हेच करत मोठा होतो. अशा भरलेल्या पत्रिका घरोघरी जपून ठेवलेल्या असतात. इतिहाससाधन म्हणून त्यांचे मोल मोठे आहे, कारण अधिकृत नोंदीची लोकांनी ठेवलेली ती प्रत होय. १९५२ पासून प्रसिद्ध होणारे ‘स्पीडवे स्टार’ हे साप्ताहिक सरासरींचे तक्ते घरी पोचवत राहिले. त्यामुळे हंगाम संपताच मद्यगृहात, समर्थक मंडळाच्या खोलीत आणि साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात जो वाद रंगतो, त्यात दोन्ही पक्षांपाशी तेच आकडे असतात. मतभेद असतो तो आकड्यांच्या अर्थाविषयी.

या वादाची एक ठराविक शब्दकळा आणि एक ठराविक रीत आहे. पहिला प्रश्न असतो तो आघाडीच्या स्वाराचा. साडेनऊच्या सरासरीचा एक तारा घ्यावा आणि खाली तिनाच्या सरासरीचे दोन-तीन नवखे खपवून घ्यावेत, की साडेसहाच्या आसपासचे पाच भक्कम स्वार निवडावेत? पहिल्या पद्धतीत ताऱ्याचा एक अपघात सारा हंगाम बुडवतो. दुसरीत अखेरच्या निर्णायक शर्यतीत जिंकणारा कोणी उरत नाही. दुसरा प्रश्न ‘स्वस्त’ सरासरीचा. दुखापतीमुळे ज्याचे वर्ष वाया गेले, त्याची सरासरी घसरलेली असते, पण अंगचे कसब तसेच असते. असा स्वार कोण, हे ओळखणे हे या मंडळींमध्ये विद्वत्तेचे लक्षण समजले जाते. परदेशातून प्रथमच येणाऱ्यास नियमाने एक गृहीत सरासरी दिली जाते. ती त्याच्या खऱ्या ताकदीहून कमी वाटली की सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात. मग मार्गाचा प्रश्न येतो. पीटरबरोचा लांबरुंद मार्ग आणि एखादा आखूड, निमुळत्या वळणांचा मार्ग यांवर एकाच स्वाराचे दोन चेहरे दिसतात. घरच्या मार्गावर सिंह आणि परगावी शेळी असलेल्या स्वाराची सरासरी संघ बदलल्यावर टिकेल काय, यावर तासन् तास खल होतो.

या चर्चेला कोणी निव्वळ विरंगुळा म्हणेल. तसे म्हणणे अपुरे होय. नियम कोणी केला, कोणाच्या सोयीने केला, आणि आपल्याच संघाला तो आडवा का आला, हे प्रश्न त्यात वारंवार डोकावतात. मर्यादेचा आकडा ठरवणारे प्रमोटर हे स्वतःच स्पर्धक क्लबांचे चालक असतात. प्रत्येकाच्या खिशात आपल्या संघाची बेरीज असते. न्यायाधीश आणि पक्षकार एकच, ही चाहत्यांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. २०१० च्या नोव्हेंबरमधील वार्षिक सभेतून कव्हेंट्री आणि पीटरबरो हे क्लब संघबांधणीच्या नियमांवरील वादातून बाहेर पडले. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात, साखळीत निर्विवाद आघाडीवर राहिलेल्या पूल संघाला हरवून कव्हेंट्री विजेता झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य कळते. विजेत्या क्लबाविना लीग भरेल की काय, अशी स्थिती काही आठवडे होती. २०११ च्या हंगामापूर्वी समेट झाला आणि दोन्ही क्लब परतले. हिवाळाभर चाहत्यांनी जे प्रश्न कागदावर मांडले होते, त्यांच्यामुळे एक लीग फुटण्याच्या बेतात आली होती.

मधल्या फळीतील स्वार

या सर्व चर्चेत सर्वांत कमी ऐकू येणारा आवाज स्वाराचा आहे. तारांकित स्वाराची चिंता करण्याचे कारण नाही. त्याला पोलंड व स्वीडनमध्येही मागणी असते, आणि पोलंडमधील लीगचा पैसा ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक आहे. नवख्याचीही सोय होते, कारण त्याची सरासरी कमी असल्याने तो कोणत्याही बेरजेत बसतो. प्रश्न असतो तो साडेपाच ते साडेसात या टप्प्यातील स्वाराचा.

हा मनुष्य पगारी नोकर नसतो. मोटारसायकली, इंजिनांची देखभाल, वाहतूक हे सारे त्याच्या खर्चाने चालते आणि उत्पन्न गुणांवर अवलंबून असते. हिवाळ्यात करार झाला नाही, तर उन्हाळ्याची मिळकत बुडते. अशा स्वाराने वर्षभर झटून आपली सरासरी ५.४ वरून ६.३ वर नेली, तर व्यवहाराच्या कोणत्याही क्षेत्रात त्याला बढती मिळाली असती. येथे त्याच्या क्लबाची बेरीज ०.९ ने वाढते. ज्या तरुणाला त्याच क्लबाने तीन वर्षे घडवले, त्याला निरोप देण्याची वेळ येते. दुसऱ्या क्लबाकडे ५.८ ची जागा रिकामी असते, ६.३ तेथे बसत नाही. उलट, वाईट वर्ष गेलेल्या स्वाराला तीन क्लबांकडून विचारणा होते. प्रगती हाच अडसर ठरावा, असे दुसरे व्यावसायिक क्षेत्र शोधून सापडणार नाही. हंगामाच्या अखेरीस काही संघ जाणूनबुजून सरासरी खाली ठेवतात, हा संशय चाहत्यांमध्ये नेहमी व्यक्त होतो. तो प्रत्येक वेळी खरा असतो असे नाही. पण नियम असा असताना संशय उत्पन्न होणे अटळ आहे.

दीर्घकाळ स्वार हा क्लबाची ‘मालमत्ता’ मानला जात असे. क्लब त्याला उसना देई, त्याचे मूल्य घेई. एका बाजूला असे बंधन आणि दुसऱ्या बाजूला बेरजेमुळे होणारी हकालपट्टी, अशी ही दुहेरी कोंडी होती. याच खेळात दहा वर्षे सेवा केलेल्या स्वारासाठी सन्मानार्थ खास सामना भरवण्याची परंपरा आहे. निष्ठेला असा मान देणारी संस्था आपल्याच नियमाने निष्ठा दुर्मीळ करते, हा अंतर्विरोध चाहत्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. एकाच चाहत्याच्या तोंडी ही दोन वाक्ये अनेकदा एकापाठोपाठ येतात : अमुक स्वाराला सोडू नये, तो आमचा आहे, आणि अमुक स्वाराला सोडल्याशिवाय संघ जमणार नाही. पहिले वाक्य प्रेक्षकाचे आहे, दुसरे प्रमोटरचे. गुणमर्यादेने या दोघांना एकाच माणसात बसवले.

नियमांतील दुरुस्त्या ही कोंडी थोडी सैल करण्यासाठी झाल्या, परंतु बहुतेक दुरुस्त्यांनी गणितात एक नवा स्तंभच वाढवला. एका स्वाराने वरच्या व खालच्या अशा दोन्ही लीगमध्ये खेळण्याची मुभा दिली गेली. त्याने काहींची मिळकत सुधारली, पण ‘आमचा स्वार’ मंगळवारी एकाचा आणि शुक्रवारी दुसऱ्याचा झाला. जखमी ताऱ्याच्या जागी तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा परक्या क्लबाचा स्वार एका रात्रीपुरता आणता येतो. काल ज्याची हुर्यो उडवली त्याच्यासाठी आज टाळ्या वाजवण्याची पाळी येते, आणि जुने प्रेक्षक याला कायम नाके मुरडतात. २०१४ मध्ये वरच्या लीगमध्ये प्रत्येक संघात दोन ब्रिटिश तरुण राखीव म्हणून घेण्याची व त्यांची निवड क्रमवार पद्धतीने करण्याची योजना आली. २०२१ मध्ये ‘रायझिंग स्टार’ या नावाने नवोदितासाठी एक जागा राखली गेली. या दोन योजनांचे स्वागतच करायला हवे, कारण त्यांनी निदान काही जागा बेरजेच्या तावडीतून सोडवल्या.

पीटरबरो, २०२१

२०२१ च्या हंगामासाठी पीटरबरो पँथर्स संघाने जी निवड केली, तिच्यावर हिवाळ्यात भरपूर टीका झाली. संघात स्कॉट निकल्स आणि बियार्न पेडरसन हे ४३ वर्षांच्या घरातले, हान्स अँडरसन आणि उलरिक ऑस्टरगार्ड चाळिशीचे, ख्रिस हॅरिस ३८ वर्षांचा. जोडीला मायकेल पाम टॉफ्ट आणि तरुण जॉर्डन पॅलिन. निकल्स सात वेळा ब्रिटिश विजेता, हॅरिस २००७ च्या कार्डिफमधील ग्रां प्रीचा विजेता, पेडरसन आणि अँडरसन २००६ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या डॅनिश संघातले. अर्थात ही सारी कीर्ती दीड दशकापूर्वीची होती. वयस्कर मंडळींचा संघ म्हणून त्याची थट्टा झाली आणि तळाचे स्थान त्याच्यासाठी आधीच राखून ठेवले गेले.

गुणमर्यादेच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड अत्यंत विचारपूर्वक केलेली होती. उतरत्या वयाने या स्वारांच्या सरासरी खाली आणल्या होत्या, त्यामुळे ते एकत्र एका बेरजेत बसू शकले. त्यांचा अनुभव मात्र कोणत्याही तक्त्यात मोजला जात नव्हता. पीटरबरोच्या प्रशस्त मार्गावर रेषा कशी निवडावी, सहकाऱ्याला वाट कशी करून द्यावी, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्या वर्षी अंतिम फेरीत बेल व्ह्यूला हरवून पीटरबरोने विजेतेपद मिळवले. ज्यांनी हिवाळ्यात त्यांची हेटाळणी केली, त्यांचे आकडे चुकलेले नव्हते. आकड्यांनी जे सांगितले नाही तेथे त्यांचा अंदाज चुकला.

पुढील वर्षी हाच संघ तळाशी गेला. वय आणखी एका वर्षाने वाढले होते, आणि विजेत्यांच्या वाढलेल्या सरासरीचा भार बेरजेवर होता. २०२३ च्या हंगामाअखेर तर १९७० पासून चालत आलेले ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राऊंडवरील स्पीडवेच थांबले. जागेच्या पुनर्विकासामुळे क्लबाला मैदान उरले नाही. वुल्वरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीन येथेही, जेथे १९२८ मध्ये प्रथम शर्यती झाल्या होत्या, त्याच वर्षी शेवटची शर्यत झाली. कव्हेंट्रीचे ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर बंद पडले होतेच. संघबांधणीवरील चार दशकांच्या वादात मैदानाच्या मालकीचा मुद्दा क्वचितच आला होता, कारण तो कोणत्याही बेरजेत बसत नव्हता. २०२४ मध्ये वरच्या लीगमध्ये ऑक्सफर्ड आणि बर्मिंगहॅम हे क्लब आले. त्या हिवाळ्यात पीटरबरोच्या व वुल्वरहॅम्प्टनच्या मोकळ्या झालेल्या स्वारांपैकी कोणाची सरासरी कोठे बसेल, याचे हिशेब इतर गावांतील चाहते मांडू लागले, आणि त्या दोन गावांतील चाहत्यांकडे तक्ते होते, पण त्यांतली नावे बसवायला संघ नव्हता.